मदत हवी आहे: काजूच्या बागेत सदाहरित रान परत आणायचंय

नमस्कार मंडळी. दोडामार्ग तालुक्यात आमची २ एकर काजूची बाग आहे. जवळच्या बांबर्ड्यातल्या रानजायफळाच्या राईला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तसलंच रान आमच्याही ओहोळाकाठी उभं राहावं, अशी फार इच्छा आहे.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडून रानजायफळाच्या बिया आणल्या, चार दिवस उन्हात वाळवल्या आणि पेरल्या. एकही रुजली नाही. उकरून पाहिलं तर आत नुसता काळा भुगा. नंतर कळलं, या बिया वाळल्या की मरतात, ताज्याच लावायच्या. फार वाईट वाटलं.

आता काजू ठेवून त्यांच्याच सावलीत रोपं लावू, की आधी चांदाडा (मोकळ्या जागी आपोआप उगवून झपाट्याने वाढणारं झाड) वाढू देऊ? धनेश पक्षी यावेत म्हणून कोणती झाडं लावू? रानमोडी हे माजणारं तण कसं आवरायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा, पावसाआधी खड्डे काढायचेत.