शिकारीसाठी रिकर्व्ह धनुष्य : कंपाउंड हाताशी असताना ते का निवडावे?

प्रश्न : अरण्यवाट

नमस्कार. मी गेली काही वर्षे परवाना काढून, हंगामाचे नियम पाळून कंपाउंड (भुजांच्या टोकांना चाके असलेल्या) धनुष्याने हरणाची शिकार करतो आणि त्या धनुष्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरीही आमच्या गटात जे धनुर्धर मला सर्वांत जाणते वाटतात, त्यांतील बहुतेक जण चाके, नेमदर्शक आणि रिलीज (दोरी सोडण्याचे उपकरण) यांपैकी काहीही नसलेले, लाकूड आणि फायबरग्लासचे साधे रिकर्व्ह घेऊन रानात शिरतात. कारण विचारले की "एकदा वापरून पाहा" एवढेच उत्तर मिळते आणि ते मला पुरेसे वाटत नाही. रिकर्व्हमुळे शिकारीत नेमके काय बदलते, किती ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर) पुरेसे असते, किती अंतरापर्यंत बाण सोडणे योग्य ठरते आणि अधिक अचूक साधन उपलब्ध असताना कमी अचूक साधन वापरणे हा सावजावर अन्याय नाही काय, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर १ : वक्रभुज

आधी धनुष्याच्या रचनेबद्दल सांगतो, कारण शिकारीच्या पद्धतीतील फरक तिथूनच सुरू होतो. रिकर्व्हच्या भुजांची टोके धनुर्धराच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे वळलेली असतात आणि धनुष्य चढवलेले असताना दोरी त्या वळणावर टेकलेली असते. ओढ सुरू झाली की पहिल्या काही इंचांतच ताण भराभर वाढतो. पुढे दोरी वळणावरून सुटत जाते, तरफेची लांबी वाढते आणि त्यामुळे शेवटच्या इंचांत ताण एकदम चढत नाही. याचा परिणाम असा की तेवढ्याच ड्रॉ वेटच्या लाँगबोपेक्षा (सरळ भुजांच्या लांब धनुष्यापेक्षा) त्यात साधारणपणे अधिक ऊर्जा साठते आणि धनुष्य आखूडही ठेवता येते. स्पर्धेची रिकर्व्ह बहुधा ६६ ते ७० इंचांची असतात, तर शिकारीची ५८ ते ६२ इंचांची, कारण झुडपांत किंवा मचाणावर लांब भुजा फांद्यांत अडकतात. मात्र ज्यांची ओढ लांब आहे त्यांनी फार आखूड धनुष्य घेऊ नये. पूर्ण ओढीला दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटे चिमटली जातात आणि दोरी स्वच्छ सुटत नाही.

आता कंपाउंडशी तुलना. ६० पौंडांच्या कंपाउंडला ८० टक्के लेट-ऑफ (चाकांमुळे ओढीच्या शेवटी होणारी ताणातील घट) असेल, तर पूर्ण ओढीवर आपल्याला केवळ १२ पौंड धरून ठेवावे लागतात. ५० पौंडांच्या रिकर्व्हमध्ये मात्र पूर्ण ओढीवर पन्नासच्या पन्नास पौंड तीन बोटांवर आणि पाठीच्या स्नायूंवर असतात. त्यामुळे धनुष्य ओढून सावज आडोशातून बाहेर येण्याची वाट पाहत बसण्याची चैन येथे नाही. हरणाचे डोके झाडाच्या बुंध्यामागे जाईल, त्याचा पुढचा पाय पुढे पडलेला असेल आणि त्याचे लक्ष दुसरीकडे असेल, असा क्षण ओळखून तेव्हाच ओढायचे आणि दोन-तीन सेकंदांत बाण सोडायचा किंवा ओढ हलकेच परत आणायची. माझ्या मते रिकर्व्हने शिकार करणाऱ्याचे खरे कसब नेमापेक्षा या वेळ साधण्यात आहे. आपल्या गटातील मंडळींना हे शब्दांत सांगता येत नसावे.

फायदेही आहेतच. धनुष्य वजनाला हलके असते, ते तिरपे धरून फांदीखालून किंवा गुडघ्यावर बसून बाण सोडता येतो, आणि दोरी तुटली तर प्रेसची (कंपाउंडच्या भुजा दाबून धरणाऱ्या यंत्राची) गरज न पडता रानातच दुसरी चढवता येते.

उत्तर २ : जुना भाता

या परंपरेमागची माणसेही लक्षात घ्यावीत, म्हणजे ही आवड केवळ जुन्याचा हव्यास नाही हे कळेल. अमेरिकेत आधुनिक काळात धनुष्याने शिकार करण्याचा प्रवाह बऱ्याच अंशी इशी या, ‘याही’ नावाच्या मूलनिवासी जमातीच्या माणसापर्यंत जाऊन पोहोचतो. १९११ साली तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलजवळ एकटाच डोंगरातून खाली आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. त्याच्यावर उपचार करणारे शल्यविशारद सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि रानात वावरायला शिकले. इशीचे धनुष्य आजच्या मानाने फारसे शक्तिशाली नव्हते. वाऱ्याची दिशा पाहणे, तासन्‌तास स्थिर राहणे आणि सावजाच्या अगदी जवळ जाणे, हे त्याचे बळ होते. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली पोप अँड यंग क्लब हा धनुर्धर शिकाऱ्यांचा क्लब स्थापन झाला.

रिकर्व्ह घरोघरच्या शिकाऱ्यांच्या हाती आणण्याचे श्रेय मात्र मुख्यतः फ्रेड बेअर यांच्याकडे जाते. त्यांनी १९३३ साली डेट्रॉइटमध्ये व्यवसाय सुरू केला आणि पुढे मिशिगनमधीलच ग्रेलिंग येथे कारखाना उभारला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला. लाकडाच्या पातळ थरांना फायबरग्लासची जोड मिळाल्यावर रिकर्व्हच्या भुजा टिकाऊ झाल्या आणि हवेतील दमटपणाने त्यांचा ताण बदलण्याची अडचण बरीचशी मिटली. याउलट बेअर यांचे समकालीन हॉवर्ड हिल शेवटपर्यंत लाँगबोचेच पुरस्कर्ते राहिले, आणि "रिकर्व्ह की लाँगबो" हा वाद पारंपरिक धनुर्धरांमध्ये आजही तितक्याच उत्साहाने चालतो.

मिसूरीच्या हॉलेस विल्बर अॅलन यांनी कंपाउंडच्या पेटंटसाठी १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मंजूर झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक शिकारी तिकडे वळले. म्हणजे ज्याला आज आपण "पारंपरिक" म्हणतो ते फायबरग्लासचे रिकर्व्ह एके काळी बाजारातील सर्वांत आधुनिक साधन होते, हेही विसरू नये.

उत्तर ३ : सावधनेम

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, परंतु प्रश्नकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली आहे. मी थोडे गणित मांडतो.

५० पौंडांच्या रिकर्व्हमधून ५०० ग्रेनचा (सुमारे ३२ ग्रॅम वजनाचा) बाण साधारण १७५ फूट प्रतिसेकंद वेगाने जातो असे धरू. कंपाउंडमधून ४०० ग्रेनचा बाण २९० फूट प्रतिसेकंद वेगाने जातो असे मानू. पहिल्याची ऊर्जा सुमारे ३४ फूट-पौंड येते, दुसऱ्याची सुमारे ७५. पण खरा धोका ऊर्जेत नसून अंतराच्या अंदाजात आहे. आपण २० यार्ड समजून नेम धरला आणि हरीण प्रत्यक्षात २५ यार्डांवर असले, तर रिकर्व्हचा बाण जवळपास ७ इंच खाली लागेल; कंपाउंडचा अडीच इंचांच्या आसपास. हरणाच्या फुप्फुस-हृदयाचा भाग साधारणतः ८ इंच व्यासाचा धरला जातो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त ४ इंच. पाच यार्डांची एकच चूक कंपाउंडला माफ होते. रिकर्व्हला होत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. दोरी सुटल्याचा आवाज २० यार्डांवर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पोहोचतो, तर आपल्या ५०० ग्रेनच्या बाणाला तेथे पोहोचायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. मधल्या वेळात दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, वरच्या स्नायूंत रुततो. लोकरीचे गोंडे किंवा रबरी झुपके दोरीवर बांधले तर आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की केवळ "खरी शिकार" करायची म्हणून रिकर्व्ह उचलणे हे समर्थनीय नाही. सावजाला आपल्या हातातील साधन किती रोमहर्षक आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. जो आपली मर्यादा १५ यार्ड आहे हे ओळखून १८ यार्डांवरचे हरीण सोडून देऊ शकतो, त्यानेच ते वापरावे. इतरांनी खुशाल कंपाउंडच वापरावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

उत्तर ४ : वक्रभुज

सावधनेम यांच्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, फक्त एक भर घालतो. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे धारदार पात्यांचे टोक, बंदुकीच्या गोळीप्रमाणे धक्क्याने मारत नाही. ते कापते आणि रक्तस्रावाने सावज पडते. त्यामुळे ३४ फूट-पौंड ऊर्जासुद्धा वस्तऱ्यासारख्या धारेचे, दोन पात्यांचे, स्थिर ब्रॉडहेड आणि सरळ उडणारा जड बाण यांच्या जोडीला असेल तर हरणाच्या छातीतून आरपार जायला पुरते. लागताना पाती उघडणारी ब्रॉडहेड मात्र रिकर्व्हवर टाळावीत, कारण पाती उघडण्यातच बरीच ऊर्जा खर्च होते. आणि अंतराच्या चुकीबद्दल ते म्हणतात ते खरे असले तरी जो जाणीवपूर्वक १२-१५ यार्डांतच थांबतो, त्याच्या बाबतीत पाच यार्डांची चूक होण्याचा संभवच कमी असतो. माझ्या दृष्टीने रिकर्व्ह निवडणारा माणूस मुळात अंतरच निवडत असतो.

अरण्यवाट

सर्वांचे आभार. सावधनेम यांचे उत्तर मला विशेष उपयोगी वाटले, कारण मी सध्या ४० यार्डांपर्यंत निर्धास्तपणे बाण सोडतो आणि १५ यार्डांची मर्यादा स्वीकारायची म्हणजे मचाणाची जागा निवडण्यापासून सगळेच बदलावे लागेल. कंपाउंडवर मी ६५ पौंड ओढतो, तर रिकर्व्ह ५५ पौंडांचे घ्यावे काय? आणि नेमदर्शक नसताना नेम धरण्याची कोणती पद्धत आधी शिकावी?

उत्तर ५ : ताणकाटा

५५ पौंडांचे कृपया घेऊ नका. कंपाउंडवरचे ६५ आणि रिकर्व्हवरचे ५५ यांची तुलना होत नाही. झेपण्यापेक्षा जड धनुष्य घेतलेला माणूस अँकरपर्यंत (ओढणारा हात चेहऱ्यावर टेकवण्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत) पोहोचण्याआधीच दोरी सोडू लागतो आणि पुढे ती सवय टार्गेट पॅनिकमध्ये (नेम धरताना दोरी सोडण्यावर ताबाच न राहण्यात) बदलते. ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. सुटे भाग जोडायच्या आयएलएफ (भुजा जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) राइझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, आधी ३० ते ३५ पौंडांच्या भुजा लावा आणि तंत्र पक्के झाल्यावर त्याच राइझरवर ४५ पौंडांच्या चढवा. हरणासाठी ४० ते ४५ पौंड पुरेसे आहेत, मात्र आपल्याकडील कायद्यात किमान ड्रॉ वेट किती दिले आहे ते आधी पाहावे. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो, हेही ध्यानात ठेवा. आपली ओढ २६ इंच असेल तर ४५ चे धनुष्य आपल्यासाठी ४० च्या आसपासच असते, कारण दर इंचाला साधारण अडीच ते तीन पौंडांचा फरक पडतो. बोटांनी ओढताना बहुतेकांची ओढ कंपाउंडपेक्षा थोडी कमीच भरते.

नेमाबद्दल सांगायचे तर बरेच जुने धनुर्धर केवळ लक्ष्याकडे पाहून, बाणाकडे लक्ष न देता सोडतात आणि त्यालाच एकमेव खरी पद्धत मानतात. मला हे पटत नाही. कंपाउंडकडून येणाऱ्याला ठरावीक क्रॉल (बोटे दोरीवर बाणापासून ठरलेल्या अंतरावर खाली धरणे) अधिक लवकर जमते : तिन्ही बोटे नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेच्या) खाली, दोरीवरच्या एका खुणेवर धरायची, म्हणजे बाणाचे टोक २० यार्डांवर नेमके लक्ष्यावर येते आणि त्याच्या आतल्या अंतरांना फरक थोडाच राहतो. बोटे खाली सरकली की धनुष्याचा तोल बदलतो, म्हणून खूण ठरल्यावर नॉकची उंची पुन्हा जुळवावी लागते. पिसे नसलेला बाण पिसांच्या बाणांसोबत मारून पाहिला की ते लगेच कळते. त्यातूनच बाणाची स्पाइन (ताठपणा) बरोबर आहे की नाही हेही समजते, आणि ते न तपासता ब्रॉडहेड लावू नये, कारण इकडेतिकडे हेलकावत जाणारा बाण आत शिरण्याची बरीच ताकद वाटेतच गमावतो.

मर्यादेचे अंतर ठरवताना सराव चांगला रंगात आल्यावरचे बाण मोजू नका. शिकारीचेच कपडे घालून, शरीर गरम न करता, न मोजलेल्या अंतरावरून दिवसातला पहिला बाण मारा आणि असे अनेक दिवस करा. ज्या अंतरापर्यंत तो पहिला बाण ८ इंचांच्या वर्तुळात पडण्याचा भरवसा वाटतो, तेवढेच आपले अंतर. अनेक चांगल्या धनुर्धरांचे ते १५ ते २० यार्डांच्या दरम्यान असते.

एक तांत्रिक सूचना राहिली : रिकर्व्ह पायात अडकवून चढवू नका, त्याने भुजा पिळवटतात, दोरी चढवण्यासाठी स्ट्रिंगर वापरा. आणि हातात जुने धनुष्य आले तर त्यावर डेक्रॉनचीच (किंचित ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) दोरी लावा, कारण नव्या न ताणल्या जाणाऱ्या धाग्यांचा धक्का त्याची टोके सोसू शकत नाहीत.