बॉक्सरची थोरवी कशावरून ठरवता? आपापली निरीक्षणं लिहा

पुण्यात बॉक्सिंगच्या गप्पा निघाल्या की एक जण फ्लॉइड मेवेदरचं ५०-० (पन्नास लढती, एकही हार नाही) पुढे करतो, दुसरा अलीचं नाव घेतो आणि गाडी तिथंच अडते. घोरपडीला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट असलेल्या या गावात रिंग जवळून बघणारे पुष्कळ आहेत. तेव्हा नुसतं आवडतं नाव नको. शैली कशी चालते, कुठे मोडते, कोणता निर्णय महागात पडला, ते बारकाव्यांसह येऊ द्या.

कोथरूड : मेवेदरचा शोल्डर रोल बघून पोरं डावा हात खाली सोडतात आणि तिथंच मार खातात. डावा हात पोटावर आडवा, डावा खांदा हनुवटीला भिडलेला, उजवा पंजा गालाशी, भार मागच्या पायावर. समोरून आलेला सरळ उजवा ठोसा खांद्यावर घसरवायचा आणि कमरेच्या त्याच वळणातून आपला उजवा परत द्यायचा. खांद्यावरून गोल येणारा ओव्हरहँड मात्र या बचावाला जड जातो. डिसेंबर २०१३ मध्ये एड्रियन ब्रोनर हाच पवित्रा घेऊन मार्कोस मायदानासमोर उभा राहिला आणि दोनदा खाली पडला. २०१४ मध्ये पहिल्या लढतीत मायदानाने मेवेदरलाही त्याच ठोशाने दोरीवर दाबलं होतं. पण मेवेदर दोरीला पाठ लागली की क्लिंच करायचा, म्हणजे समोरच्याला मिठीत धरून अडवायचा, रेफरीने सोडवलं की पुन्हा रिंगच्या मध्यात. त्या वर्षी दोन्ही लढती त्यानेच जिंकल्या. माझ्या लेखी ५०-० पेक्षा हे पायांचं काम मोठं.

खडकी : दादा, पायांचं पटलं. टायसनची घसरणसुद्धा आधी पायांत आणि डोक्याच्या हालचालीत दिसते. त्याच्या पीकाबू शैलीत दोन्ही ग्लोव्हज गालफडांवर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि प्रत्येक ठोशानंतर डोकं मधल्या रेषेतून बाजूला. १९८८ मध्ये त्याचा प्रशिक्षक केविन रूनी कोपऱ्यातून, म्हणजे रिंगबाहेरच्या मदतनीसांतून गेला. त्यानंतर जोडठोसे कमी होत गेले, एकेक जबर ठोसा शोधणं वाढलं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोतल्या लढतीत समोरच्या बस्टर डग्लसच्या हातांची पोहोच ८३ इंच, टायसनची ७१. डोकं स्थिर राहिलं की एक फूट जास्त लांबीचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवणार कसा? त्यात टायसनचा डोळा सुजला तेव्हा सूज दाबायचं थंड लोखंड कोपऱ्यात नव्हतं. रबरी हातमोज्यात गार पाणी भरून काम भागवलं गेलं. दहाव्या फेरीत नॉकआउट. कोपरा निवडणं हाही करिअरचाच निर्णय असतो, आणि तो इथे नडला.

वानवडी : वजनाबद्दल कुणीच बोललं नाही! रॉय जोन्स ज्युनियर मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांवर जाऊन जॉन रुईझकडून हेवीवेटचा पट्टा घेऊन आला. नोव्हेंबरात अँटोनियो टार्व्हरशी लढायला परत १७५ पौंड. वाढवलेले स्नायू आठ महिन्यांत उतरवायचे, तेही चौतिशीत. ती लढत कशीबशी जिंकली, मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरसमोर दुसऱ्याच फेरीत आडवा. त्याचा बचाव होता तो केवळ वेगाचा. हात खाली, हनुवटी उघडी. वेग किंचित कमी झाला की मागे ढालच उरत नाही. रुईझनंतर थांबला असता तर आज यादीत फार वर दिसला असता.

औंध : काका, वजनाचंच आपल्याकडचं उदाहरण मेरी कोम. २०१२ पूर्वीची पाचही जागतिक सुवर्णपदकं ४५ ते ४८ किलोंतली. लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी तीनच वजनगट, सगळ्यांत हलका ५१ किलोंचा. खाऊन वजन वाढवता येतं, उंची आणि पोहोच वाढत नाही. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ११-६ अशी हार, तरी कांस्य. मला ते कांस्य तिच्या एखाद्या सुवर्णाहून जड वाटतं. नंतर ४८ किलोंत परतून २०१८ मध्ये सहावं सुवर्ण घेतलं.

कॅम्प : अलीचं राहिलं. १९६७ ते १९७० ही वर्षं बॉक्सिंगबंदीत गेली, वय पंचवीस ते अठ्ठावीस. परतल्यावर पाय आधीसारखे नव्हते, म्हणून मार सोसायची शैली आली. किन्शासात १९७४ ला दोरीवर रेलून, कोपरांनी बरगड्या झाकून फोरमनला दमवलं, आठव्या फेरीत पाडलं. त्याच सवयीने पुढे १९७५ ला मनिलात जो फ्रेझरसमोर आणि १९८० ला लॅरी होम्ससमोर त्याच्या शरीराने केवढं सोसलं, ते त्याची थोरवी मोजताना मला बाजूला ठेवता येत नाही.