जुन्या 100 सीसी मोटरसायकलीचे हिसके: दोष कार्ब्युरेटरचा की चेनचा?

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी वापरलेली 100 सीसीची जुनी चार-स्ट्रोक मोटरसायकल आहे आणि शक्य तितके मूळ भाग राखून ती चालती ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सध्या इंजिन गरम झाले की आयडलिंगला (एक्सलरेटर न देता इंजिन मंद चालू असताना) बंद पडते, एक्सलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने एक्सलरेटर स्थिर धरला तरी गाडी हिसके देते.

गाडी सात-आठ महिने उभी होती. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलला तेव्हा त्यातील पेट्रोल साठणाऱ्या फ्लोट चेंबरच्या तळाशी हिरवट थर साचला होता आणि आयडलिंगला पेट्रोल पुरवणारा पायलट जेट उजेडासमोर धरला असता त्याच्या केसाएवढ्या छिद्रातून जेमतेम अर्धा उजेड दिसत होता. तार घातली तर छिद्र मोठे होईल, म्हणून तो रात्रभर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने मोकळा केला. आता छिद्र पूर्ण गोल दिसते. असे असूनही आयडलिंगच्या मिश्रणातील हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू हलक्या हाताने आत बसवून दीड फेरा बाहेर काढला, पुढेमागे फिरवून पाहिला, तरी आयडलिंगमध्ये काहीही फरक पडत नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. प्लगचे टोकही पांढुरके दिसते, त्यामुळे इंजिनाला पेट्रोल कमी पडत असावे असे वाटते.

चेनचीही अवस्था बरी नाही. 12.7 मिमी पिचच्या (लगतच्या दोन पिनांमधील अंतर) चेनच्या 20 कड्या नव्या असताना 254 मिमी भरतात. माझ्या चेनवर ताण देऊन मोजले तर एका जागी 256 आणि दुसऱ्या जागी 260 मिमी भरल्या. सर्वांत ताठ जागी ढिलाई 20 मिमी ठेवली की चाक अर्धे फिरवल्यावर ती 40 मिमीपर्यंत जाते. मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दाते आकड्यासारखे वळले आहेत, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटसह चेन बदलावी लागणार, हे मला मान्य आहे.

एअर स्क्रूचा परिणामच होत नसेल, तर कार्ब्युरेटरच्या बॉडीतील पायलटचा मार्ग अजून तुंबलेला समजावा, की मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कड्यामधून, हवा शिरत असावी? कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा न खोलता या दोहोंतील फरक कसा ओळखावा? आणि हिसक्यांचे निदान करण्यापूर्वी चेन बदलून घ्यावी, की आधी आयडलिंग ठीक करावे? ज्यांनी अशा गाड्या स्वतः खोलून दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.