पॅन्क्रियाटायटिस : 'स्वादुपिंडदाह' लिहावे की 'स्वादुपिंडाला सूज'?

परिचारिका_सोलापूर : रक्ताच्या कर्करोगावर (एएलएल म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) केमोथेरपी घेणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी मी माहितीपत्रक लिहीत आहे. ॲस्परॅजिनेज या इंजेक्शनामुळे काही मुलांना पॅन्क्रियाटायटिस होतो. त्यासाठी मी 'स्वादुपिंडदाह' लिहिले, तेव्हा अक्कलकोटकडच्या एका आईने त्याचा अर्थ 'पोटात आग होणे' असा घेतला. या आजारात पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात, त्या पाठीपर्यंत जातात आणि उलट्या होतात. हे पित्तच आहे असे समजून पालक घरगुती उपाय करत बसले, तर उपचाराला उशीर होईल. 'सूज' लिहिणे योग्य ठरेल का?

जुना_वाचक : 'दाह'च ठेवावा. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही सारी दाहाची लक्षणे आहेत. सूज हे त्यांतले केवळ एक. वाचकाला शब्द अपरिचित वाटतो म्हणून त्याचा नेमकेपणा घालवू नये.

पूर्वभागकर : आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत या अवयवाला 'क्लोमम्' म्हणतात. सुश्रुतसंहितेत उदकवह स्रोतसांचे (शरीरातील पाणी वाहून नेणाऱ्या मार्गांचे) मूळ म्हणून तालू आणि क्लोम सांगितले आहे. इतका जुना शब्द हाताशी असताना 'स्वादुपिंड' कशाला हवे? इंग्रजीत खाटकाकडे मिळणाऱ्या या अवयवाला 'स्वीटब्रेड' म्हणतात, त्यावरूनच 'स्वादु' आले असावे, असा माझा तर्क आहे.

जुना_वाचक : सुश्रुतांचा क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, यावर वैद्यांमध्येच एकमत नाही. हिंदीवाले याच अवयवाला 'अग्न्याशय' म्हणतात. मग तोही घ्यायचा का?

औषधशास्त्र_शिक्षक : ताई, पत्रकात शब्दाशेजारी लक्षणे लिहाच. ॲस्परॅजिनेज रक्तातले ॲस्परॅजिन (प्रथिने बनवायला लागणारे एक अमिनो आम्ल) नष्ट करते आणि कर्करोगाच्या पेशींना ते स्वतः पुरेसे तयार करता येत नसल्याने त्यांची उपासमार होते. पण सतत प्रथिने बनवणाऱ्या स्वादुपिंडालाही त्याची झळ बसू शकते. रक्तातले लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडात तयार होणारी पाचक विकरे) सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वाढले, तर निदानाला बळ मिळते. मग इंजेक्शन थांबवून शिरेतून द्रव देतात आणि आजार तीव्र असेल, तर ते औषध सहसा पुन्हा देत नाहीत. मात्र 'दुष्परिणाम' या शब्दाने घाबरून कोणी उपचारच सोडू नये, म्हणून मी 'अनुषंगिक परिणाम' लिहीन.

परिचारिका_सोलापूर : सर, 'अनुषंगिक' वाचून तीच आई मला पुन्हा अर्थ विचारील. 'दुष्परिणाम' तिला कळतो, आणि भीती वाटली तर ती निदान फोन तरी करील.

पूर्वभागकर : क्लोमाविषयीच्या वैद्यांच्या वादाचे संदर्भ कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावेत.