पायऱ्यांच्या पोटात काय आहे?

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांत इंका लोकांनी शेतीसाठी पायऱ्या केल्या त्या केवळ उतारावर जमीन वाढवायला, असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. माचू पिच्चू या पेरूमधल्या त्यांच्या जुन्या नगराच्या पायऱ्या उकरल्या तेव्हा वर सुपीक माती, तिच्याखाली वाळू-खडी आणि तळाशी मोठे दगड असे थर निघाले. तिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी असं झिरपून गेलं नसतं तर बांध केव्हाच ढासळले असते! शिवाय हे दगडी बांध दिवसा तापतात नि रात्री पिकाला ऊब देतात. मला सगळ्यात भावतं ते पेरूतल्याच कुसिचाका खोऱ्यातलं काम. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन केंडल यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथला इंकांचा जुना कालवा पुन्हा वाहता केला, तोही सिमेंटऐवजी चिकणमाती, वाळू आणि निवडुंगाचा रस वापरून.