फौजी वडिलांच्या आठवणी: तुमच्या घरातलं सांगा

ज्यांचे वडील सैन्यात होते त्यांनी इथे लिहावं अशी विनंती आहे. पदक मिळालेलं असायला हवं असं नाही. फौजेतलं काय काय त्यांच्याबरोबर घरी आलं, ते सांगा.

सुरुवात मी करते. आमचे अण्णा पहिल्या मराठ्यात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. माण तालुक्यातला माणूस, उन्हाळा म्हणजे टँकरची वाट बघणं. 1971 च्या डिसेंबरात त्यांच्या पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पाठीमागे ठाण मांडलं. शरण या म्हणून शत्रूला चिठ्ठी धाडली, तर उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली. 10 तारखेच्या रात्री शत्रूनं वेढा फोडायचा प्रयत्न केला, मराठे जागचे हलले नाहीत, 11 ला जमालपूर पडलं. हे मला कळलं ते वाचून आणि अण्णांच्या पलटणीतल्या जोडीदारांकडून. ते स्वतः नदीबद्दलच बोलायचे. "एवढं पानी, पोरी, आन् नुसतं वाहून चाललेलं!" शेवटपर्यंत तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी कधी मोरीत ओतू दिलं नाही, तुळशीलाच घालायला लावलं.

4 फेब्रुवारीला, म्हणजे कोंडाणा घेतल्याच्या दिवशी, पलटणीचा मराठा दिन. त्या दिवशी पहाटेच दाढी, ब्लेझर, त्यावर पदकं. घरात पुरणपोळी व्हायलाच हवी.

चंदगडहून

आमच्या दादांचा पत्ता लहानपणी पाठ होता: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, केअर ऑफ 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. ते नक्की कुठं आहेत हे त्यावरून कुणालाच कळायचं नाही. आईला वाचता येत नव्हतं. आंतरदेशीय पत्र आलं की शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून वाचायचे, त्यामुळे दादा पत्रात आईला काही म्हणजे काहीच लिहू शकले नाहीत. म्हशीचं, भाताचं, आजीच्या गुडघ्याचं तेवढं विचारायचे. पण शेवटी दर वेळी एक ओळ असायची: "घरच्या माणसांनी वेळेवर जेवावे." ती आपल्यासाठी आहे हे आईला माहीत होतं. पुढे मी वाचायला शिकलो तेव्हा पहिल्यांदा तिनं जुनी पत्रं बाहेर काढली आणि ती एकच ओळ सगळ्या पत्रांतून वाचून घेतली. पत्रं अजून त्यांच्या काळ्या ट्रंकेत आहेत. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आहे, घर रंगवलं तरी ट्रंकेला कुणी ब्रश लावलेला नाही.

नागपूरहून

बाबा 8 महारमध्ये, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये, श्रीलंकेत शांतिसेनेत होते. त्यांच्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथं लढताना गेले, पुढे त्यांना परमवीर चक्र मिळालं. दर वर्षी त्या तारखेला बाबा उपास करायचे. देवाचा उपास त्यांनी आयुष्यात केला नाही.

खडकीहून

पप्पा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर दलाचे, सुरुंग काढणारे. रामा राघोबा राणे आमच्या घरात देवासारखे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी असताना कसे काढले, हे पप्पा आम्हाला जेवताना सांगायचे. रिटायर झाल्यावर पप्पा बँकेत गनमॅन झाले. रस्त्यानं चालताना नजर कायम जमिनीवर. आम्ही पुढे पळालो की ओरडायचे, "माझ्या पावलावर पाऊल!" बागेत फिरायला गेलो तरी तेच.

कराडहून

वाचून राहवलं नाही. आप्पा गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनला अडचण आली नाही, कारण सगळं त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. रेकॉर्डमध्ये आईचं माहेरचं नाव पडलं होतं. थकलेले असतानाही त्यांनी पत्रव्यवहार करून पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डमधल्या बदलाच्या अधिकृत नोंदीत, ते दुरुस्त करून घेतलं. नंतर एका फायलीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, बँकेचं जॉइंट पासबुक, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, आणि वर स्वतःच्या अक्षरात कागद: कुणाला फोन करायचा, काय न्यायचं, झेरॉक्स किती काढायच्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आईला घेऊन जायचं, हेही त्यात होतं. आयुष्यभर त्यांनी आईशी चार गोड शब्द बोललेले मी ऐकले नाहीत. तो कागद आईनं लॅमिनेट करून घेतला आहे, आणि नोव्हेंबरात मी न सांगता तीच तयार होऊन बसते.