वरणाच्या पाण्यावर बाळं वाढतात म्हणे!

घाटावरची: कालच्या चर्चेत एका काकांनी लिहिलं, "आमची पोरं वरणाच्या पाण्यावर नि पेजेवर वाढली. आजच्या आया वजनाच्या तक्त्यातल्या रेघा बघून रडतात." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, लोह तर नाहीच. बाळाचं पोट ते केवढं! त्यात वरचं पाणी ओतलं की ते भरलं, आणि डाळ राहिली पातेल्याच्या तळाशी, मोठ्यांसाठी. घट्ट वरण, मऊ भात कुस्करा, वर तूप घाला की! २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सगळी काय आईबापांवर गेली?

रेघांचा वैरी: तो काका मीच. माझा मुलगा पेज पिऊन पावणेसहा फूट झाला. तुमचे तक्ते गोऱ्यांच्या पोरांचे.

घाटावरची: २००६ चा जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतल्या मुलांवरून केलाय. तीही अंगावर पिणारी. बोला!

सदाफुली: अंड्याचं नाव कुणीच का काढत नाही? मी आठव्या महिन्यात पिवळा बलक भरवला तर सासूबाई दोन दिवस स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

सात्त्विक: झालं सुरू! अंड्यावाचून पिढ्या वाढल्या नाहीत का?

सदाफुली: वाढल्या. किती दगावल्या तेही विचारा घरातल्या म्हाताऱ्यांना.

सात्त्विक: ही काय बोलायची पद्धत? आमच्या ताटात डोकावू नका.

पाड्यावरची ताई: मी अंगणवाडीत आहे. आदिवासी पाड्यांवर अमृत आहार योजनेत मुलांना अंडी मिळतात, न खाणाऱ्याला केळी. अंड्याच्या दिवशी पटावरची सगळी पोरं हजर. वाद तुमच्या शहरातच.

सात्त्विक: म्हणजे केळ्यानेही भागतं. आभार.

पाड्यावरची ताई: दादा, केळ्यात अंड्याइतकं प्रथिन कुठून आणू?

जुना कंपाउंडर: सगळं खापर वाटी-चमच्यावर फोडू नका. जन्मतःच दोन किलोचं मूल, आई स्वतः अशक्त, त्यात दर पंधरवड्याला जुलाब. खाल्लेलं अंगी लागणार कसं? आणि वर्षाच्या आत मध चाटवणं बंद करा, गुटीतूनसुद्धा.

रेघांचा वैरी: आता गुटीही गेली! बरं बाई, वरणाचं पाणी मागे घेतो. घट्ट वरण. पण तूप गाईचंच हं.

सदाफुली: म्हशीनं काय घोडं मारलंय?

सात्त्विक: त्यावर मी सविस्तर लिहितो.

घाटावरची: नको!